धडधाकट असल्याचा दाखला

तुमाले सांगतो, फिजिओथेरपीच्या मास्टर्सच्या फॉर्मले मार्कशीट, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट तर लागतेच, वरून आपण स्वतः धडधाकट हाओत असा डॉक्टरचा दाखलाही लागते. मले नवल वाटलं. लोकांचे हातपाय मी पाहणार, तर माहे काहून पाहाचे?

फॉर्म भराच्या शेवटच्या दिवशी बालाघाटात आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकाकांकडे गेली. त्यांचा खांदा अकडलेला.

"फिजिओ शिकली ना? मंग पहिले हा पाह्य."

वीस मिनिटं मी त्यांचा हात धरून खांदा मोकळा केला. मंग काकांनी हात वर करून कपाटावरचा शिक्का स्वतःच काढला अन् दाखल्यावर मारला.

"काका, मले तपासलंच नाही तुम्ही."

"तुले काय तपासू? वीस मिनिटं तुह्या पकडीतून हात सोडवाची कोशिश करून राह्यलो होतो, सुटला नाही."