अडतीस टक्के

फुफ्फुसं तपासायला आलेल्या शिंपीणबाईंनी रांगेत मासिक उघडलं, पण पान काही उलटलं नाही. पुढ्यात बँडमधले दोन भाऊ बसले होते, नुकतेच तपासणीच्या नळीत फुंकून आलेले.

"तुझे किती?"

"एक्क्याण्णव टक्के. तुझे, दादा?"

"अडतीस. मशीन तुझ्या ओळखीचं दिसतंय."

"काहीतरीच!"

"सहा वर्षं मी सिगारेटला शिवलो नाही. तू आत्ता जिन्यात ओढून आलास, तरी छातीतले हवेचे फुगे तुझेच शाबूत!"

"फुटलेले फुगे परत येत नाहीत, डॉक्टर म्हणाले ना. सोडलीस म्हणून अडतीस तरी उरले."

"उरले! उष्टं वाढल्यासारखं सांगतोस. आणि परवाच्या वरातीत माझं क्लॅरिनेट तू वाजवणार."

"मी नुसता फुंकेन. तुझी बोटं मी कुठून आणू? तू मागे उभा राहून बोटं चालव."

"एका वाद्याला दोन माणसं? औताला जुंपतोयस का?"

"मग राहू दे."

दादाने धापा टाकतच मांडीवर बोटं चालवून पाहिली.

"टाळ्या पडल्या की मान मी लववणार."

"लवव."

"आणि तुझी सिगारेट आजपासून बंद. माझ्या फुंकेला वास नको."