एका मिनिटातली एकोणीस पार्सलं

(मालवण भागातल्या एका टपालगाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं, तसं लिहून घेतलेलं)

लिहा, नाव वामन, गाव मालवणपासून आत, कट्टा गावाच्या पलीकडे. घरची भातशेती, वर डोंगरात काजूची झाडं, पाच भावंडांत मी तिसरा. लहानपणापासून एका जागी बसणं माका जमलंच नाय. शाळेत गुरुजी शिक्षा म्हणून उभं करायचे तर मला बरंच वाटायचं, निदान बसायला तरी नको. आई म्हणायची ह्येच्या पायाक भिंगरी आसा, ह्यो खंय टिकाचो नाय. जेवतानासुद्धा मी अर्ध्यात उठायचो, अंगणात एक फेरी मारायचो आणि परत पानावर. आता तुमच्यासमोर बसलोय ना, तर हा गुडघा बघा कसा हलतो, थांब म्हटलं तरी थांबत नाय.

गाडी शिकलो मामाच्या टेम्पोवर. काजू भरून वेंगुर्ल्याला कारखान्यात न्यायचे, तिथून रिकामं परत यायचं. मामा बाजूला बसून दाराची कडी धरून ठेवायचा आणि म्हणायचा, अरे मेल्या, काजू पोचवचे आसत, उडवचे नाय. पण त्यानेच सगळ्यांना सांगितलं की हात बसलाय पोराचा. मग बारा-तेरा वर्षांमागे टपालाच्या गाडीवर लागलो. टपाल आणि पार्सलं दोन्ही एकाच गाडीत. गाडी ठेकेदाराची, कचेरी दुसऱ्याची, आणि ड्रायव्हर नक्की कोणाचा ते कोणालाच माहीत नाय. नाव लिहू नका हां कोणाचं, माणसं अजून तिथेच आहेत.

काय सांगू तुम्हाला, त्या कामावर मी खूश होतो. सकाळी निघालो की दुपारच्या जेवणापर्यंत अर्धी लाईन, म्हणजे नेमून दिलेल्या गावांची अर्धी फेरी, खलास. पार्सलाबरोबर कोणाचा डबा, कोणाच्या लेकीकडे पाठवलेली सुरमई, वरच्या शाळेतल्या बाईंना हिशोबाच्या वह्या, एकदा तर जिवंत कोंबडी पण नेली. नियमात यातलं काहीच बसत नाय. गाडी चालू ठेवून पोतं खाली सरकवणं बसत नाय, दुकानात पार्सल ठेवणं बसत नाय. पण नियम बघत बसलं तर कोकणातल्या वाड्यांत टपाल कसं पोचणार? घरं कुठे, रस्ता कुठे. गाडी वर, आणि माणसं खाली दीडशे पायऱ्या उतरून माडांत.

आता सड्यावरची गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, कारण सगळं त्याच्यावर आहे. सडा म्हणजे वरचं कातळाचं माळरान. तिथे एसटीच्या शेडीपाशी मोबाईलला रेंज येते. खाली वाड्यांत नावाला नाय. आणि आमच्या कामाच्या मोबाईलवर नोंद करायची तर रेंज पाहिजे. नियम असा की माणसाच्या दारात जायचं, पार्सल त्याच्या हातात द्यायचं, त्याची सही मोबाईलवर घ्यायची, आणि तिथल्या तिथे डिलिव्हर्ड मारायचं. नोंद गेली नाय तर पार्सल सोडायचं नाय, परत आणायचं. मग आम्ही काय करायचो, सड्यावर थांबूनच खालच्या वाडीची सगळी पार्सलं डिलिव्हर्ड मारून टाकायचो, सहीच्या जागी बोटाने आपणच गिरगटायचं, आणि मग खाली उतरून वाटायची. सगळे ड्रायव्हर असंच करत. कचेरीत पण माहीत होतं. वर्षानुवर्षं चाललं, कोणाचं काही अडलं नाय.

मग शेजारची एक लाईन बंद करून तिची गावं आमच्यावर टाकली. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, गावं दुप्पट. कचेरीतल्या साहेबांना सांगितलं तर म्हणाले तात्पुरतं आहे. ते तात्पुरतं दोन पावसाळे चाललं.

दत्ताराम माझ्या बाजूच्या लाईनवरचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, शांत माणूस. त्याच्या आईला आम्ही सगळे काकी म्हणतो, ती त्याच सड्याखालच्या वाडीत राहते. चवथीला चार दिवस होते. मुंबईवाल्यांनी आधी पाठवलेली खोकी, मखराचं सामान, गाड्या भरून वाहत होत्या. माझी गाडी गॅरेजात म्हणून मी दत्तारामबरोबर त्याच्या गाडीवर. सड्यावर पोचलो तर पाऊस आडवा. दत्ताराम उतरला आणि ताडपत्री बांधत बसला, एक गाठ, मग दुसरी गाठ, परत पहिली तपासायची. माझ्या अंगात किडे. मी त्याचा मोबाईल उचलला आणि खालच्या वाडीची एकोणीसच्या एकोणीस पार्सलं एका मिनिटात डिलिव्हर्ड मारली. दत्ताराम आत येऊन बसला, बघितलं, म्हणाला, अरे वामनदा, आज ह्यां सगळा होवचा नाय. मी म्हटलं, चल रे, होतला.

झालं नाय. अंधार पडला, पाच पार्सलं गाडीत राहिली, ती त्याने दुसऱ्या दिवशी दिली. पण त्यातलं एक जाड पाकीट कोर्टाच्या कागदांचं होतं. ते ज्याचं होतं त्याला मुंबईत मेसेज गेला की पोचलं, त्याने घरी फोन केला तर घरी काही नाय. त्याने तक्रार केली. मग कचेरीने तपासलं तर एकोणीस पार्सलं एका मिनिटात, एकाच जागी, सड्यावर. नोंद दत्तारामच्या नावाची.

दत्तारामला आत बोलावलं तेव्हा मी कचेरीच्या पत्र्याखाली उभा होतो. दार उघडंच होतं. साहेबांनी विचारलं, हे तुम्ही केलं? तो हो म्हणाला आणि कागदावर सही केली, तिथेच त्याची नोकरी गेली. मला आत जायला चार पावलं लागली असती. मी गेलो नाय. आयुष्यभर पळालो आणि त्या दिवशी पाय हलले नाय, हे तुम्ही लिहा, लपवायचं काही नाय आता.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, दत्ता, मी जातो आत. तो म्हणाला, दोघांनी घराक बसान काय मिळतला? तू गाडीर ऱ्हव, आवशीचा औषध तरी येत ऱ्हवतला. काकीचं हृदयाचं औषध तिची मुलगी मुंबईहून पाठवते, तिकडच्या डॉक्टरचं, आपल्याकडे मिळत नाय. आणि मी काय केलं असेल? मी त्याचं ऐकलं. लगेच ऐकलं.

तीन महिने तो घरात बसला. दुसऱ्या गाडीवर गेला नाय, जाईल तिथे विचारायचे का काढलं म्हणून. आणि त्याची लाईन पण माझ्यावर आली, म्हणजे मी रोज सड्यावरून त्याच्याच वाटेने गाडी घेऊन जायचो. घरात माझं कशात लक्ष नाय. बायको विचारायची काय झालंय, मी तिच्यावरच खेकसायचो.

मग मीच सुचवलं. उरलेल्या आम्हा सात ड्रायव्हरांना एकत्र केलं आणि म्हटलं, दत्तारामला नियमावर काढला ना, मग आपण उद्यापासून नियमानेच चालायचं. संप नाय, घोषणा नाय, एक दिवस खाडा नाय. फक्त नियम. लाईन परत दोन करा आणि दत्तारामला घ्या, तोपर्यंत असंच. सगळे तयार झाले. म्हणाले, वामनदा, तुझ्यासारखो मित्र होयो. मी मान खाली घालून टायर बघत राहिलो.

नियमाने गाडी चालवून बघा तुम्ही एकदा. सकाळी टायरची हवा, वायपर, दिवे, सगळं तपासून लिहायचं. मर्यादेपलीकडे एक पोतं नाय घ्यायचं. वेग चाळीस. माझ्या मागून शाळेच्या रिक्षा पुढे जायच्या, एकदा सायकलवरचा पाववाला पुढे गेला आणि वळून हसला. दुपारी जेवणाला अर्धा तास. मी पाच मिनिटांत जेवायचो आणि पंचवीस मिनिटं स्टेअरिंगवर हात ठेवून घड्याळ बघत बसायचो, खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा जीव नुसता. डबा नेणार नाय, मासे नेणार नाय. शाळेतल्या बाईंनी बोलणं सोडलं. आणि खालच्या वाड्यांत पार्सल घेऊन दीडशे पायऱ्या उतरायचं, दारात उभं राहायचं, मोबाईल वर धरायचा, रेंज नाय, की पार्सल घेऊन परत वर. आठवड्यात परत आलेल्या पार्सलांनी कचेरीचा व्हरांडा भरला. लोक शिव्या घालत होते, त्यांचं काय चुकलं?

नवव्या दिवशी काकीचं औषध आलं.

कचेरीत माझ्या नावावर सही करून ते ताब्यात घेतलं, वर काकीचं नाव वाचलं. उतरलो खाली. दत्ताराम घरी नव्हता, काकी दारातच होती. मी मोबाईल धरला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला, माडाच्या बुंध्यावर चढून धरला, पन्नास वर्षांचा माणूस. नाय. तिने हात पुढे केलेला. मी म्हटलं, काकी, नोंद जात नाय, देऊक गावाचा नाय. तिने हात मागे घेतला. म्हणाली, तुमी सगळे माझ्या झिलासाठी, दत्तारामासाठी करतास मां ह्यां? मगे व्हर तू ता परत. देव तुमचा बरा करांदे.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते पार्सल परत घेऊन त्या पायऱ्या मी कशा चढलो मला माहीत नाय. दुसऱ्या दिवशी ज्या कचेरीने काढलं त्याच कचेरीच्या खिडकीशी दत्ताराम रांगेत उभा राहिला आणि आईचं औषध सोडवून घेऊन गेला. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, ठीक आहे अशी. ठीक कुठे होतं?

अकराव्या दिवशी साहेबांनी आम्हा सातजणांना बोलावलं. साहेब माणूस वाईट नाय, घाटावरचे, त्यांच्यावर पण वरून दाब. म्हणाले, लाईन पुन्हा दोन करतो, एक गाडी वाढवून देतो, मंजुरी आणलीय. सगळ्यांचे चेहरे उजळले. मी विचारलं, आणि दत्ताराम? साहेब म्हणाले, ते नाही होणार. खोटी नोंद करणाऱ्याला परत घेता येत नाही असा नियम आहे, आणि नियमाने चाला असं तुम्हीच म्हणताय ना इतके दिवस?

मी एकेकाकडे बघितलं तर प्रत्येकजण आपल्या चपला बघत होता. त्यांना तरी काय म्हणू, प्रत्येकाला घर आहे, दमलेले होते सगळे. मला समजलं की आता एक मिनिट गप्प राहिलो की सगळं मिटलं. मी गाडीवर, लाईन अर्धी, आणि दत्ताराम कायमचा घरी. माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडले तेव्हा कचेरीतल्यासारखे शुद्ध पडले, मला अजून आठवतात. साहेब, ती नोंद दत्तारामने केलेली नाही. त्याचा मोबाईल घेऊन मी केली. तो बाहेर ताडपत्री बांधत होता.

साहेबांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. मला म्हणाले, विचार करा, हे लिहून दिलंत तर तुम्हाला त्याच नियमाने जावं लागेल. मी म्हटलं, कागद द्या.

महिना संपायच्या आत दत्तारामला परत घेतलं, लाईन पण दोन झाल्या. मला तर कागद दिला त्याच दिवशी काढलं. तक्रार नाय माझी. बायको दोन दिवस बोलली नाय, नोकरी गेली म्हणून नाय हां, तीन महिने तिला सांगितलं नाय म्हणून. दत्ताराम आला, अंगणात बसला, चहा प्यायला, म्हणाला, कित्या सांगलंस? मी म्हटलं, तू कित्या नाय सांगलंस? त्याला गप्प बसता येतं, मला शिकायचं आहे.

पण काकीला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगायचं ठरवलं होतं. कागद दिला त्याच्या दुसऱ्याच सकाळी चालत गेलो. ती अंगणात कुळीथ निवडत होती. मी उभ्याने सगळं सांगितलं, पाऊस, ताडपत्री, एकोणीस पार्सलं, कचेरीचं उघडं दार. तिने सूप खाली ठेवलं नाय, दाणे निवडत राहिली. मला वाटलं ऐकलं की नाय. मग म्हणाली, माझो झील तीन म्हयने घरात बसलो, आणि तू रोज सड्यावरसून गाडी घेवन गेलंस. आता तू बस. तीन म्हयने बस. मगे ये चायेक.

बस, एवढंच. परत सुपात बघायला लागली.

वेंगुर्ल्याहून कारखान्यातून दोनदा फोन आला, टेम्पोवर ये म्हणून. मी म्हटलं, थांबा जरा. बायको म्हणते, म्हातारी बोलली ती रागात, तू खरंच बसलास काय? भाऊ हसतात. काजू पडायला लागलेत, तेवढे वेचतो, बाकी ओटीवर बसतो. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की पाय ब्रेक शोधतात. पण बसतो. तिने सांगितलंय म्हणूनच नाय, दत्तारामने हे दिवस कसे काढले ते मला स्वतः बसून कळायला हवं म्हणून.

अजून सोळा दिवस आसत. सतराव्या दिवशी सकाळी मी पायऱ्या उतरान खाली जातलंय.