मंत्री झालेला एलिसेओ

...नाही, आत जाऊ नकोस, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. बस इथंच. कॉफी कसली, चिकोरीच आहे – चालेल ना? हं. तर तुमच्या संघटनेला काय हवंय ते कळलं मला. 'मी मंत्री झालो ही चूक झाली' असं एलिसेओनं एकदा म्हणावं, की तुम्ही त्याला परत आपला म्हणणार. आता, म्हातारपणी, इथं परदेशात, तुलूझमध्ये. बरं. तेव्हा तू केवढा होतास? – रांगत असशील.

तिकडे मायदेशी, बार्सिलोनात, आम्ही छापखान्याच्या वरच राहायचो. हा पेपर काढायचा, सरकार बंद पाडायचं, हा तुरुंगात – सुटला की नव्या नावानं तोच पेपर. लग्न नाही केलं आम्ही. पाद्री नको, शिक्का नको, सरकारच नको, असं लिहिणारा माणूस हा – संघटनेचंच म्हणणं ते. मग लष्कर सरकारवर उठलं, युद्ध पेटलं, आणि संघटनेनंच – तुझ्याच, दुसऱ्या कुणाच्या नाही – ह्याला सांगितलं, सरकारात जा, नाहीतर आपल्या पोरांना बंदुका मिळायच्या नाहीत. जेवण सुटलं त्याचं. मी म्हटलं, "आता तुला साहेब म्हणायचं का रे?" हसला नाही.

पुढच्या मे महिन्यात आपलेच आपल्यावर उठले. रस्त्यातले दगड उपटून आडोसे रचलेले, एकीकडे सरकारचे पोलीस, एकीकडे आपली पोरं. आणि हा रेडिओवर बोलला – "साथींनो, बंदुका खाली ठेवा, घरी जा." आवाज चांगला होता रे त्याचा, भरवशाचा. माझा भाऊ फर्मीन होता चौकात, आडोशामागे. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं त्यानं, पण एलिसेओ म्हणजे घरचा माणूस. ठेवली बंदूक, निघाला. कोपऱ्यावरच पोलिसांनी धरला त्याला. नंतर सापडला – शहराबाहेर, रस्त्याच्या कडेला. बूटसुद्धा काढून नेले होते.

हे तुला सांगायचं नव्हतं. राहू दे.

चूक कबूल करायला लावताय त्याला? अरे, अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्याजवळ दुसरे शब्दच उरले नाहीत. दार वाजलं की एवढंच – बंदुका खाली ठेवा, घरी जा. पोस्टमनला म्हणतो, दूधवालीला म्हणतो. मग माझ्याकडे बघत राहतो, काहीतरी विचारल्यासारखा. – मी? मी सांगते, फर्मीन पोचला घरी, जेवतोय. तेव्हा कुठे डोळे मिटतो.

नाही, माफबिफ काही केलेलं नाही मी. त्याला कधी म्हटलंही नाही तसं, आणि त्यानं माफी मागितलीही नाही. त्याला आंघोळ घालते, भरवते, कूस बदलून देते. ते वेगळं. तुम्हाला नाही कळायचं ते, तुमच्या बैठकीत तर नाहीच.

ऊठ आता, जाग आली वाटतं त्याला. त्यांना सांग, भेट झाली नाही. आणि जाताना दार ओढून घे – आपटू नकोस.