आप्पांचा सांध्याचा धडा

निपाणीहून बेळगावला निघालेल्या बसमध्ये राजेश्वरी मास्तरीण शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण ऐकत होती. पुढच्या सीटवरचे दोघं बोलायला लागले, तसा तिनं मोबाईलवरचा धडा थांबवला.

“मंथन, कंपनी सोडून वडगावात माग चालवतोस म्हणं? शिकवलं कुणी?”

“आप्पांनी.”

“आरं, तुझ्या वडलांना जाऊन वरीस झालं की.”

“मोबाईलवर शिकवत्यात, नागराज. जित्तं हुतं तवा यूट्यूबवर पन्नासभर व्हिडिओ टाकल्यात. फुकट. धागा कसा सांधायचा, पदर कसा काढायचा, समदं.”

“तू बघितलं नव्हतंस आधी?”

“एक बी न्हाय. कुठकुठली माणसं खाली प्रश्न इचारायची. आप्पा जेवण गार करून उत्तरं द्यायचं. मला म्हणायचं, तू बी बघ की रं. मी म्हणायचो, कोण बघतंय ते.”

“जाऊ दे. आता जमतंय न्हवं?”

“जमतंय. एका जागी तेवढं अडतंय. सांध्याच्या व्हिडिओत आप्पा मधीच मागं वळून हाक मारत्यात, ‘मंथन, जरा टोक धर रं.’”

“तू घरात हुतास?”

“आतल्याच खोलीत हुतो. हातात मोबाईल हुता.”

“मग?”

“मग काय. आप्पा थोडा येळ दाराकडं बघत्यात. आन् टोक दातात धरून एकट्यानंच सांधा करत्यात.”

“लई येळा बघितलास वाटतं.”

“रोज बघतोय. हाक आली, की उठतोय.”