कालवांचं जेवण

मोतीराम : मंग त्या मालवणी हाटेलात काय खराबी हाये? रस्सा, भात, तळेल मासोई. मले जमते ना ते.

दीक्षा : बाबा, साखरपुड्याच्या जेवणासाठी दादानं ते नुसतं यादीत टाकलं. तिथं टेबल भेटत नाही.

मोतीराम : अन खेकड्यायचं?

दीक्षा : तिथं गळ्यात फडकं बांधतात. लेकराले बांधते तसं. हातात हातोडी देतात, खेकडा फोडाले.

मोतीराम : हातोडी? अवो, एसटीच्या डेपोत जिंदगी गेली हातोडी चालवता चालवता. व्याह्याले म्हनीन, तुमचा बी द्या इकडं, फोडून देतो.

दीक्षा : हे तिथं नका बोलू.

मोतीराम : काहून? हासतीन तं हासू दे.

दीक्षा : दादानं त्यायले सांगितलं, तुमी एसटीत अधिकारी होते.

मोतीराम : अधिकारी?

दीक्षा : हो.

मोतीराम : बरं. अधिकाऱ्यानं हातोडी धरू नये. खोड ते. आता काय उरलं?

दीक्षा : एकच. तेच ठरलं हाये. समुद्रासमोर. ऑयस्टर बार.

मोतीराम : बार? पोराच्या साक्षगंधाचं जेवन बारमंधी?

दीक्षा : तसा बार नाही. म्हणजे दारू असते, पण लोक कालवं खाले जातात. शिंपल्यातले.

मोतीराम : शिपी? आपल्या नदीत भेटते ते? सुगतले तं शिपीनंच गुटी पाजली तुह्या मायनं. तोंड लहान होतं, चमचा जात नोयता. पन आतलं कोन खाते?

दीक्षा : तिथं आतलंच खातात. कच्चं.

मोतीराम : कच्चं म्हन्जे अर्धं शिजेल?

दीक्षा : जित्तं. लिंबू पिळलं का आंग चोरते. मग शिंपला तोंडाले लावायचा अन गिळायचं.

मोतीराम : कशासारखं लागते?

दीक्षा : शेंबडासारखं.

मोतीराम : तू खाल्लं?

दीक्षा : नाही. दादानं सांगितलं.

मोतीराम : त्याले आवडते?

दीक्षा : लय.

मोतीराम : मंग मी खाईन. गिळाचंच हाये ना? बीपीची गोळी गिळतोच रोज. ते दह्याचं भांडं सरकव इकडं. चमचा दे. पाह्य हां... गिळलं. आवाज आला काय?

दीक्षा : आला.

मोतीराम : थांब. पुन्हा. आता?

दीक्षा : आता... कमी आला. मिशीले लागलं पण.

मोतीराम : मिशी कमी करतो. सलूनवाला नितेश म्हनतेच, काका, बारीक करा. सफारी शिवली तं मिशी बी होऊ दे.

दीक्षा : बाबा, उलटी झाली तर? सगळ्यायसमोर?

मोतीराम : बाथरुमात जाईन.

दीक्षा : कुठं हाये ते विचारावं लागन. इंग्रजीत.

मोतीराम : मुंबईतले मराठी लोक काय उलटीच करत नाही?

दीक्षा : हासू नका. पुण्याले काय झालं, आठवते?

मोतीराम : काय झालं? चांगलं जेवलो. गीतांजली पोरगी बी चांगली.

दीक्षा : जेवल्यावर तुमी ताटात हात धुतले.

मोतीराम : तं? घरी धुतोच ना.

दीक्षा : ते हॉटेल होतं. पांढरी प्लेट होती. ग्लासातलं पाणी ओतलं तुमी, अन तिच्या आईच्या साडीवर शितोडे गेले.

मोतीराम : ते तं म्हने, काही होत नाही.

दीक्षा : दादा परत येता येता गाडीत रडला.

मोतीराम : सुगत? मले वाटलं, गाडी लागली त्याले. म्या खिडकी उघडून देली.

दीक्षा : हो. तवाच.

मोतीराम : दीक्षे, तू मघापासून मले भेव दाखवून राहिली. अन फोन उलटा ठेवला टेबलावर. कडेले उजेड हाये त्याच्या.

दीक्षा : बाबा...

मोतीराम : ऐकून राहिला काय तो? सुगत?

सुगत : हो, बाबा. ऐकतोय.

मोतीराम : बराय ना तू?

सुगत : बरा आहे. मला तुम्हाला थेट बोलायचं नव्हतं. तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हणून दीक्षाला म्हटलं, तू समजाव.

मोतीराम : दही गिळलं ते ऐकू आलं काय?

सुगत : बाबा, तो विषय नाहीये.

मोतीराम : आवाज आला का नाही, इतकंच विचारतो.

सुगत : आला.

मोतीराम : दोन्ही वेळा?

सुगत : दोन्ही वेळा.

मोतीराम : हे हाटेल कोनं पसंत केलं? गीतांजलीच्या वडलानं?

सुगत : नाही. मी.

मोतीराम : त्यायले कोनतं पाहिजे होतं?

सुगत : मालवणी.

मोतीराम : मंग त्यायले बी हे कच्चं जमत नसन.

सुगत : नाही जमत. ते घरून थोडं खाऊन येणार आहेत.

मोतीराम : त्यायले नाही भेव दाखोलं तू?

सुगत : बाबा, त्यांची गोष्ट वेगळी आहे. ते नुसते बसले तरी चालतं. पुढच्या महिन्यात मी अमरावतीला येतो. आपण चिखलदऱ्याला जाऊ. फक्त आपण.

मोतीराम : लोकायले काय सांगशील? पोराचं साक्षगंध, अन बाप कुठी हाये?

सुगत : तब्येत म्हणू का?

मोतीराम : तब्येत म्हनशील तं भले लोक हाये, पाहाले येतीन इथंवर. मंग घर पाहतीन. सांग, बाबाले मासे चालत नाही. वास बी सहन होत नाही.

सुगत : हे चालेल. थँक्यू, बाबा. आईला मात्र पाठवा. आई चमच्यानं जेवते, अन जास्त बोलत नाही.

मोतीराम : पाठवतो. ठेव आता.

(फोन बंद होतो.)

दीक्षा : बाबा, मले राग नका धरू. त्यानं माह्यं तं तिकीटच नाही काढलं. म्हने, तू बोलताना ‘मले’, ‘तुले’ करते.

मोतीराम : अन तरी तू त्याचं काम केलं?

दीक्षा : म्हने, लग्नाले नक्की बोलावतो.

मोतीराम : तुही माय काय करून राहिली?

दीक्षा : आतल्या खोलीत साडीले फॉल लावून राहिली. जेवाले वाढू? मरळ मासोई केली तिनं. सकाळी तुमीच आनली, धरणावरची.

मोतीराम : नाही. वरन टाक माह्यासाठी.

दीक्षा : बाबा, घरात कोन पाहते? त्यायले कुठं समजन?

मोतीराम : मायले काही समजू देऊ नको आत्ता. फॉल लावनं होऊ दे तिचं. अन ते मरळ झाकून ठेव, वास येते.