गोटीरामची गाडी म्हसरूळला खोकते

…नाही, मला एक सांगा, बंद पडलेल्या मोटरसायकलशेजारी माणूस उभा दिसला की जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न कसा काय सुचतो हो? ‘प्लग साफ केला का?’ ज्यानं उभ्या जन्मात सायकलची चेन चढवली नाही, तोसुद्धा स्कूटर थांबवतो, एक पाय खाली टेकवतो आणि विचारतो, ‘प्लग साफ केला का?’ तुम्हाला सांगतो, आमच्या गोटीरामनं एका आठवड्यात अकरा वेळा प्लग साफ केला. पॉलिश पेपरनं घासला, पेट्रोलनं धुतला, फुंकला… शेवटी तो प्लग असा लखलखायला लागला की त्यात बघून भांग पाडावा. आणि गाडी? गाडी आपली जागच्या जागी खोकतेय.

गोटीराम म्हणजे आमचा शेजारी, मखमलाबादचा. सातपूरला एका कारखान्यात तेवीस वर्षं फिटर होता. बायको कलाबाई, तिचा झेंडूचा मळा. आता पहाटे दोन्ही बाजूंना झेंडूच्या गोण्या, मागं कलाबाई, तिला फुलबाजारात उतरवायचं आणि तसंच पुढं फर्स्ट शिफ्टला सातपूर गाठायचं, हे सगळं ज्या गाडीवर केलं ती गाडी म्हणजे नुसतं लोखंड असतं का, तुम्हीच सांगा. पण गोटीराम रिटायर झाला, फुलं न्यायला टेम्पो यायला लागला आणि गाडी गेली शेडमध्ये ताडपत्रीखाली. झाली पाच वर्षं. अधूनमधून हा ताडपत्री उचलून आत बघायचा, सीटवर हात फिरवायचा आणि कुणी आलं की म्हणायचा, ‘पाल शिरली होती.’

तर एक दिवस कलाबाई म्हणाली, ‘फुलं ठेवायला सावली पायजे. शेड मोकळी करा, भंगारवाल्याला सांगते.’

झालं. गोटीरामचं जेवणातलं लक्ष उडालं. भाकरी पुढ्यात तशीच. दोन दिवस बघितलं कलाबाईनं, मग तीच म्हणाली, ‘बरं, रविवारी मला या गाडीवर दिंडोरीला ताईकडं नेऊन आणा. नीट गेली-आली तर राहू द्या. नायतर सोमवारी भंगारात.’

गोटीरामनं लगेच लियाकतभाईंना बोलावलं. हे त्याच्याच कारखान्यातले, मशीन दुरुस्तीला होते. आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि काय म्हणाले असतील? ‘प्लग साफ किया क्या, गोटीराम?’ मग बसले खाली. एअर फिल्टर उघडला तर आत उंदराचं घर, कापूस, चिंध्या, शेंगदाण्याची टरफलं, अगदी व्यवस्थित संसार. कार्बोरेटर खोलला तर पाच वर्षांचं पेट्रोल आटून काकवीसारखं चिकट झालेलं. लियाकतभाई म्हणाले, ‘अरे, ये तो तू शिरा बनाके रख्या.’ सगळं धुतलं, बारीक भोकं फुंकली, ताजं पेट्रोल भरलं, किक मारली… आणि गाडी काय बोलायला लागली म्हणता! गल्लीतून चार फेऱ्या, एकदम लोणी. लियाकतभाई चहा पिऊन सातपूरला गेले.

गोटीराम खुशीत निघाला चक्कर मारायला आणि म्हसरूळला पोचतो तो… फट्. फटफट्. फट्. बंद. याचा चेहरा पडला. टाकी उघडली, पेट्रोल आहे. हलवून बघितलं, आहे. टाकी बंद केली, किक मारली, सुरू. परत येताना पुन्हा तेच. आणि दर वेळी शेजारी कुणीतरी पाय टेकवून उभा, ‘काका, प्लग साफ केला का?’ घरी आणली की गाडी पुन्हा शहाणी. लियाकतभाईंना फोन लावून गाडीचा आवाज ऐकवला तर ते म्हणतात, ‘आवाज तो मस्त है.’ आता घरी मस्त आणि म्हसरूळला खोकला, असा आजार डॉक्टरला दाखवायचा कसा?

रविवार उजाडला. कलाबाई नवं लुगडं नेसून मागं बसली. म्हसरूळला फट्. उतरा, टाकी उघडा, बघा, लावा, किक. पुढं चार किलोमीटर, फट्. पुन्हा तेच. अक्राळे फाट्यापर्यंत चौथी वेळ. गोटीराम घामाघूम. गाडी स्टँडवर लावून बाजूच्या दगडावर बसला आणि म्हणाला, ‘जाऊ दे. उद्या बोलाव भंगारवाल्याला.’ आणि तुम्हाला सांगतो, तोंड द्राक्षाच्या बागांकडं केलं होतं त्यानं, पण बागा काही बघत नव्हता.

कलाबाई गाडीकडंच बघत होती. म्हणाली, ‘मी एक विचारू? दर वेळी तुम्ही झाकण काढता, लावता, की ही चालते. मग तुमच्या हातानं चालते का झाकणानं?’

‘म्हणजे?’

‘तेलाच्या डब्याला मी दोन भोकं का पाडते? एकानं तेल येतं, दुसऱ्यानं हवा जाते. एकच पाडलं तर तेल गुटगुट करतं आणि थांबतं. हिला हवेचं भोक हाय का?’

गोटीराम उठला. झाकण काढून उलटं केलं. होतं भोक, हवेचंच. आणि त्यात माती. कुंभारीण माशीनं पाच वर्षांत कधीतरी त्यात घर बांधलं होतं, पक्कं, लिंपून. तेवीस वर्षं फिटर असलेला माणूस त्या भोकाकडं बघत राहिला. कलाबाईनं बांगडीतली सेफ्टी पिन काढली, माती कोरली, झाकणात फुंकर मारली, ‘लावा.’

त्यानंतर गाडी कुठं थांबली नाही. कलाबाईनं पूर्वीसारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शेडचं काय ठरलं ते गोटीरामला त्या हातावरून कळलं.

तर दिंडोरीला पोचले. मोठी बहीण चतुराबाई ओट्यावरच. गोटीरामला वाटलं, आता गाडीचं कौतुक होणार. छे. कलाबाईनं उतरल्या उतरल्या सगळं सांगितलं, माशीसकट. चतुराबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग कला, आमचा फवारणीचा पंप बी दोन वर्षं पडून हाय, सुरू केला की अडखळतो. तू बघ जरा. पाव्हणं, तुम्ही काय बसता, तिला पाना द्या.’

आणि गोटीराम तिथं तासभर पाना धरून उभा होता. करतो काय… दहा नंबरचा मागितला की दहाचा द्यायचा, बाराचा मागितला की बाराचा.