साठावा फॉर्म

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस वर्षे, काम अर्थशास्त्रात पीएच.डी.चे संशोधन, राहणार घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरची खोली, आज शुक्रवार दि. १९ रोजी दुपारी सव्वातीन वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

सदर दुकान माझ्या मामांचे असून त्यांचे वय सदुसष्ट आहे. मामी हयात नाहीत. मी नववीत असल्यापासून मामांकडेच राहते. माझी फी त्यांनीच भरली. ते काल सकाळी अकराच्या सुमारास दुकानातून गेले, ते अद्याप परतलेले नाहीत.

माझ्या संशोधनाचा विषय क्रिप्टो नाण्यांचे अर्थकारण हा आहे. आमच्या रस्त्यावरच्या बऱ्याच दुकानदारांनी असे एक नाणे घेतले होते. नाणी जमा ठेवली की दर आठवड्याला बक्षीस म्हणून आणखी नाणी मिळत. परत काढायची तर अर्ज करून सात दिवस थांबावे लागे. बक्षीस कुठल्या कमाईतून येत नव्हते. नवे लोक येत राहतील तोवरच भाव टिकणार होता. हे कळायला पीएच.डी. लागत नाही. तो कधी कोसळेल हे काढण्यात मात्र माझी तीन वर्षे गेली.

त्यासाठी साठ लोकांकडून दोनदा फॉर्म भरून घ्यायचे होते. एकोणसाठ मिळाले. साठावे म्हणून मी मामांना बसवले. माझ्या मार्गदर्शक बाईंनी बजावले होते, "घरचं माणूस यादीत घेऊ नकोस, अडचणीत येशील." मी ऐकले नाही. फॉर्मवर नाव नसते, क्रमांक असतो, त्यामुळे बाईंना कळलेही नाही.

प्रश्न नववा असा होता: भाव पडण्याची चिन्हे दिसली तर तुम्ही नाणी कधी काढाल? मामांनी पहिल्या फेरीत लिहिले, "भाची सांगेल तेव्हा." दिलेल्या पर्यायांत ते बसेना. मी त्यापुढे ९९ टाकले. आमच्याकडे ९९ म्हणजे निरुपयोगी उत्तर.

दि. ४ रोजी माझी आकडेमोड पुरी झाली. माझ्या हिशेबाने अजून सहा आठवडे होते. दुसऱ्या फेरीचे फॉर्म दि. ५ ला वाटून दि. १८ ला एकदम गोळा करायचे होते. आधी सांगितले तर उत्तरे बिघडतील म्हणून मी गप्प राहिले. फॉर्म घेताना मामांनी विचारले, "काय डॉक्टरीणबाई, आमचं नाणं काय म्हणतंय?"

मी म्हणाले, "मामा, फॉर्म भरून होऊ दे, मग बोलू."

"बरं बाई. तुझ्या परीक्षेत माझी कॉपी नको," असे म्हणून ते हसले. त्यांना माझ्या तोंडावरून कळले असावे. घड्याळ न उघडता ते बिघाड ओळखतात.

बुधवारी दि. १७ ला सकाळी नाणे कोसळले. दुपारपर्यंत काही उरले नाही. मामांची म्हातारपणाची सगळी पुंजी त्यात होती. मी तेव्हा विद्यापीठात होते आणि, लपवत नाही, तारीख चुकली तरी आलेखाचा आकार जुळला म्हणून मला आधी आनंद झाला. संध्याकाळी मामांनी मला चहा करून दिला. विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. माझी हिंमत झाली नाही.

काल जाताना शेजारच्या स्टेशनरीवाल्या बाईंना ते "जरा पाय मोकळे करून येतो" असे म्हणाले. दुकान उघडेच होते. गिऱ्हाइकांची घड्याळे चिठ्ठ्या लावून ओळीने ठेवली होती. मोबाइल खणात होता. अंगात करडा स्वेटर, गळ्यात दोरीला कामाचे भिंग. भिंग घेऊन ते कधी बाहेर जात नाहीत.

काउंटरच्या काचेखाली मला त्यांचा दुसरा फॉर्म घडी घातलेला मिळाला. तो हजर करत आहे. नवव्या प्रश्नाला उत्तर तेच आहे. खाली शेऱ्याच्या जागी लिहिले आहे, "फॉर्म भरून झाला. आता बोललीस तरी चालेल." तारीख दि. ५ ची आहे. त्या दिवशी अर्ज केला असता तर दि. १२ ला सगळे हाती आले असते. तेरा दिवस तो फॉर्म तिथे होता आणि मी रोज त्याच्याजवळून जिना चढत होते.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मामांचा शोध घ्यावा. सापडल्यास, भाची बोलायला थांबली आहे, एवढे त्यांना सांगावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. फक्त एके ठिकाणी मी सवयीने "क्रमांक साठ" म्हणाले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून तिथे "माझे मामा" असे लिहिले आहे. त्या खाडाखोडीवर माझी वेगळी सही आहे.